ऑपरेशननंतरचं दुखण्याचं इंजेक्शन घरी किती दिवस घ्यायचं?

मधली_सून | सोमवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सासूबाईंच्या (वय ६८, वजन ७१ किलो) उजव्या गुडघ्याची वाटी मागच्या बुधवारी मिरजेत बदलली. ऑपरेशन झकास झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलंही टाकली. काल घरी सोडलं. आम्ही तासगावजवळ खेड्यात राहतो. दवाखान्यात गुरुवारपासून सकाळ-संध्याकाळ डायक्लोफेनॅक ७५ चं इंजेक्शन चालू होतं. घरी सोडताना कार्डावर तेच इंजेक्शन आणखी ५ दिवस लिहिलंय. शिवाय अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी दोन वेळा, पित्ताची गोळी, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटावर द्यायची सुई. खाली एक ओळ : 'नेहमीची औषधे चालू ठेवणे'. नेहमीची म्हणजे बीपीची गोळी, टेल्मिसार्टन आणि लघवी होण्याचं औषध एकत्र असलेली, ११ वर्षं चालू.

गावातल्या डॉक्टरांचा कंपाउंडर घरी येऊन इंजेक्शन द्यायला तयार आहे. मोठ्या जाऊबाई ठाण्याहून फोनवर म्हणतात, "दुखतंय तर घ्या की, अंगावर कशाला काढायचं?" माझ्या पोटात मात्र कालवतंय. इतके दिवस हे इंजेक्शन चालतं का?

---

टवाळ_तात्या | १०:०२

पहिला!

सून सासूच्या इंजेक्शनाची काळजी करतेय हे वाचून डोळे पाणावले. मालिकावाल्यांना कळू देऊ नका, बिचारे उपाशी मरतील. जाणकार येईपर्यंत मी पाट मांडून बसलोय.

---

रिटायर्ड_काका | १०:३१

माझ्या दोन्ही वाट्या बदलून झाल्या. आठ दिवस रोज इंजेक्शन घेतलं, काही झालं नाही. आज रोज पर्वती चढतो. डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग घ्यायचं. नेटवर वाचून घरोघरी डॉक्टर झालेत हल्ली. राग मानू नये.

---

नाइट_ड्युटी | ११:१५

हाडांच्या वॉर्डात १७ वर्षं काढली आहेत, म्हणून चार शब्द.

काका, तुम्हाला काही झालं नाही हे चांगलंच. ज्यांना झालं ते पर्वतीवर भेटत नाहीत, ते आम्हाला पुन्हा वॉर्डात भेटतात.

आमच्याकडे हे इंजेक्शन पहिल्या एक-दोन दिवसांत देतात, मग गोळीवर आणतात. घरी न्यायला लिहिलेलं मी क्वचित पाहिलंय. आणि कंपाउंडर देणार असेल तर आधी विचारा, कुठे देणार? ३ मिलीची अँप्युल असते ती कुल्ल्यात खोल द्यायची, वरच्या बाहेरच्या भागात. दंडात द्यायची नाही. काही नव्या कंपन्यांची १ मिलीची येते, ती वेगळी, तिची पद्धत वेगळी. नाव तेच, आकडा ७५ तोच, म्हणून लोक गफलत करतात. ३ मिलीची अँप्युल 'लवकर गुण येतो' म्हणून थेट शिरेत ढकलणारे महाभागही पाहिलेत. ती शिरेतून द्यायचीच तर नीट पातळ करून, सलाईनमधून, हळूहळू देतात. तो घरच्या खाटेवर करायचा उद्योग नाही.

---

भूलवाली_बाई | दुपारी १:२०

मी भूलतज्ज्ञ आहे. इथे बसून कुणाचं औषध चालू-बंद करणार नाही. ते तुमच्या सर्जनना आजच, म्हणजे खरोखर आजच, फोन करून ठरवा. फोनवर काय विचारायचं ते मात्र सांगते.

नाइट_ड्युटी म्हणतात ते 'एक-दोन दिवस' नुसता वॉर्डातला रिवाज नाही. डायक्लोफेनॅकचं स्नायूत द्यायचं इंजेक्शन दोन दिवसांच्या वर नको, पुढे लागलंच तर गोळी किंवा गुदमार्गातली वडी, असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. आणि २४ तासांत सगळं मिळून १५० मिलिग्रॅमच्या वर नाही. लोक घसरतात ते या 'सगळं मिळून'वर. सकाळ-संध्याकाळच्या दोन इंजेक्शनांत तुमच्या सासूबाईंचा दिवसाचा कोटा संपला. त्यावर अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी म्हणजे त्याचाच सख्खा भाऊ. दोन भावांना एकाच कामावर लावलं तर काम दुप्पट होत नाही, मजुरी मात्र दोघांचीही द्यावी लागते. इथे मजुरी जठर आणि किडनी देतात.

आता किडनीचं. तुम्ही तासगावच्या, म्हणजे बागेचं पाणी तुम्हाला समजावून सांगायला नको. किडनीच्या प्रत्येक गाळणीला रक्त आत सोडणारं एक दार आणि बाहेर सोडणारं एक दार असतं. मधला दाब टिकला तर गाळणी चालते. अंगात पाणी कमी पडलं की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं आतलं दार उघडं धरून ठेवतात. डायक्लोफेनॅक ती द्रव्यंच बनू देत नाही. त्याने सूज-दुखणं कमी होतं ते याचमुळे, आणि आतलं दार लोटलं जातं तेही याचमुळे. टेल्मिसार्टन बाहेरचं दार सैल करतं. लघवीचं औषध पाटातलं पाणीच कमी करतं. तिन्ही एकदम झालं की गाळणीत दाब उरत नाही. डॉक्टरांच्या भाषेत या त्रिकूटाला 'ट्रिपल व्हॅमी' म्हणतात. एरवी धडधाकट माणूस दोन दिवस हे निभावून नेतो. पण ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं असतं, जेवण अर्धं झालेलं असतं, आणि एक गोष्ट कुठल्याच कार्डावर लिहिलेली नसते : गुडघा दुखतो म्हणून संडासला उठायला नको वाटतं, म्हणून आपल्या बायका पाणीच पीत नाहीत. विचारा सासूबाईंना.

तिसरी गोष्ट पोटावरच्या सुईची. तिने रक्त पातळ राहतं, ते हवंच आहे. डायक्लोफेनॅकने जठराचं अस्तर दुबळं होतं आणि प्लेटलेटही थोड्या सुस्तावतात. दोन्ही मिळून जठरातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. पित्ताची गोळी जठराची राखण करते, किडनीची नाही. "पित्ताची गोळी चालू आहे ना, मग काळजी नाही" हे वाक्य मी रोज ऐकते.

शी डांबरासारखी काळी झाली, लघवी एकदम कमी झाली, तोंडावर किंवा दुसऱ्या पायावर सूज आली, दम लागला, छातीत दुखलं, तर फोनाफोनी न करता मिरज गाठा.

---

मधली_सून | १:४८

ताई, हात जोडून आभार. पाण्याचं अगदी खरं निघालं. विचारलं तर म्हणाल्या, "सकाळधरनं दोन कप चहा झालाय की!" सर्जन थिएटरमध्ये आहेत, चारनंतर फोन करा म्हणाले. सकाळचं इंजेक्शन देऊन झालंय, संध्याकाळचं थांबवून ठेवते.

---

उत्रेख्तकर | २:३५

इकडे नेदरलँड्सात माझ्या शेजारणीची वाटी बदलली. दुसऱ्या दिवशी घरी. हातात काय, तर पॅरासिटामॉल १ ग्रॅम चार वेळा, मोजून काही कडक गोळ्या आणि बर्फाची पिशवी. इथे पाय मोडला, नोकरी गेली, बायको सोडून गेली, तरी डॉक्टर पॅरासिटामॉलच देतो.

---

टवाळ_तात्या | २:४१

बायको सोडून गेल्यावर दुखतं?

---

कोल्हापुरी_तिखट | ३:१०

वरचे सगळे इंजेक्शनच्या मागे हात धुऊन लागलेत, पण दुसरी बाजूही आहे. माझ्या आत्याने 'पेनकिलरने किडनी जाते' हे ऐकून घरी आल्यावर एकही गोळी घेतली नाही. दुखतं म्हणून पाय वाकवला नाही, फिजिओवाल्या मुलीला दारातून परत पाठवलं. आज दोन वर्षांनी गुडघा सत्तर अंशांच्या पुढे वाकत नाही. जिना उतरताना रडते. त्यापेक्षा आठ दिवस इंजेक्शन परवडलं असतं.

---

भूलवाली_बाई | ३:३०

कोल्हापुरी_तिखट, पूर्ण सहमत, आणि हे मीच आधी लिहायला हवं होतं. दुखणं सोसणं ही मर्दुमकी नाही. पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकला नाही तर सांधा आखडतो, श्वास नीट घेतला नाही तर छातीत कफ साठतो. म्हणून आता एकाच औषधावर भार न टाकता चार बाजूंनी दुखणं धरतात : ऑपरेशनच्या वेळीच नस बधिर करणं, घड्याळ लावून पॅरासिटामॉल (दुखेल तेव्हा नाही, ठरल्या वेळी), बर्फ, आणि व्यायामाच्या आधी लागलंच तर जास्त ताकदीचं काही. डायक्लोफेनॅकच्या कुळातली औषधं त्यातलं एक चांगलं हत्यार आहे. किडनी ठीक, जठर ठीक, हृदय ठीक, अशा पस्तिशीच्या माणसाला हर्नियानंतर दोन दिवस मी स्वतः बिनदिक्कत देते. हृदयविकार किंवा अर्धांगवायू होऊन गेलेल्याला देत नाही. माणूस कोण हे बघितल्याशिवाय 'चांगलं औषध की वाईट औषध' या प्रश्नाला उत्तर नाही.

---

नागपुरी_संत्रा | ३:५५

माझ्या भावाला अपेंडिक्सनंतर केटोरोलॅकचं इंजेक्शन दिलं होतं. तेही हेच का?

---

भूलवाली_बाई | ४:१२

त्याच कुळातलं, पण दुखणं मारण्यात जास्त जोरकस आणि रक्तस्रावाच्या बाबतीत जास्त खट्याळ. इंजेक्शन आणि गोळी धरून एकूण ५ दिवसांच्या वर नाही. पासष्टीच्या वर, पन्नास किलोच्या खाली किंवा किडनी नाजूक असेल तर मात्रा निम्मी : ३० च्या जागी १५ मिलिग्रॅम, दिवसाला कमाल ६०. हृदयाच्या बायपासनंतर वर्ज्य. आणि डायक्लोफेनॅक चालू असताना केटोरोलॅक अजिबात नाही, उलटही नाही.

---

औषधवाला | ४:४०

मेडिकल दुकान चालवतो, २२ वर्षं. गल्ल्यावरून दिसतं ते सांगतो. पेशंट येतो तो तीन चिठ्ठ्या घेऊन. एक सर्जनची, एक फिजिशियनची, एक 'गावात आमचे डॉक्टर आहेत' त्यांची. तिन्हींवर वेगवेगळ्या ब्रँडचं एकच औषध. वर घरात कंबरदुखीसाठी आणलेली पाकिटं असतातच. पेशंटच्या मते ही चार औषधं, माझ्या मते एकच. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात असतं ते वाचा. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक, इटोरीकॉक्सिब यांतलं एका वेळी एकच. पॅरासिटामॉलही मोजा, जोडगोळीतलं धरून.

बाळंतिणींच्या बाबतीतही हेच. सिझरनंतर १०० ची वडी ठेवतात, आणि घरची मंडळी 'फक्त वडीच तर आहे' म्हणून वर गोळी देतात. वडीचे १०० पण १५० मध्येच धरायचे.

---

डाव्या_कुशीवर | ५:०५

विषय निघालाच आहे तर. बाबांना सहा वर्षांपूर्वी कंबरेच्या दुखण्यावर एका दवाखान्यात हेच इंजेक्शन दिलं. देतानाच पायात वीज गेल्यासारखी कळ आली, बाबा ओरडले. "होतं असं" म्हणून देणाऱ्याने सुई पुरती रिकामी केली. संध्याकाळपासून पाऊल उचलेना. चप्पल पायातून गळून पडायची. सायटिक नस दुखावली होती. सात-आठ महिने पायाला पट्टी, वीज देण्याचे उपचार. आता बरं आहे, पण अजून लांब चाललं की पाऊल घासतं.

तेव्हा इंजेक्शन देताना पायात कळ गेली तर 'थांबा, सुई काढा' असं ठणकावून सांगा. लाजू नका.

---

नाइट_ड्युटी | ५:२०

वाचून वाईट वाटलं. अगदी बरोबर सांगितलंत. आणखी एक : सुई दिल्यावर तिथली कातडी पांढरीफटक किंवा निळसर-जांभळी चट्टेदार झाली आणि दुखणं असह्य असेल तर शेकत बसू नका. निकोलॉ सिंड्रोम म्हणतात, तिथला रक्तपुरवठाच तुटतो. क्वचित होतं, पण डायक्लोफेनॅकनंतर झालेलं मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय.

दमेकऱ्यांनीही आधी सांगायचं, विशेषतः नाकात कोंब वाढलेले असतील आणि अ‍ॅस्पिरिनने कधी धाप लागली असेल तर. आणि पावसाळ्यात ताप आला म्हणून 'ती उरलेली अँप्युल मारा' कधीच नाही. डेंग्यू निघाला तर पंचाईत.

जाता जाता : आम्ही शिकत होतो तेव्हा डायक्लोफेनॅकची ३० मिलीची बाटली यायची. एकाच बाटलीतून दहा जणांना. मग ती बंद झाली आणि फक्त एका मात्रेच्या अँप्युल राहिल्या. का, माहीत आहे का कुणाला? आम्हाला जंतुसंसर्गामुळे असं सांगितलं होतं.

---

माळरान | ६:१०

मला माहीत आहे! गिधाडांमुळे.

चेष्टा नाही. गुरांना हेच औषध टोचायचे. ते जनावर मेलं की गिधाडं खायची, आणि त्यांची किडनी बंद पडून सगळ्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर बसायचा. पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली. २००६ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग लोकांनी माणसांची ३० मिलीची बाटली गोठ्यात न्यायला सुरुवात केली, कारण बैलाला एका टोचणीला तेवढं लागतंच. म्हणून २०१५ साली माणसांसाठीचं इंजेक्शन फक्त एका मात्रेच्या पॅकमध्ये आणायचा हुकूम निघाला. औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, २०१७ मध्ये हरल्या. तुमच्या वॉर्डातली बाटली गिधाडाने नेली, सिस्टर.

आमच्या रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडांची घरटी राखायचं काम गावकऱ्यांनी केलंय. विषयांतराबद्दल क्षमस्व.

---

पुणेरी_पाटी | ६:२२

सासूबाईंच्या गुडघ्यावरून गिधाडांपर्यंत पोचणारा धागा फक्त इथेच निघू शकतो. आणि यातलं गिधाड कोण असा प्रश्न मोठ्या जाऊबाईंनी वाचल्यास आमची जबाबदारी नाही.

---

रिटायर्ड_काका | ७:०५

गिधाडांचं माहीत नव्हतं. माझ्या आठ दिवसांबद्दल मुलाला विचारलं. तो म्हणतो, "बाबा, इंजेक्शन दोनच दिवस होतं, पुढे पोटावरची सुई होती." मला सगळं एकच वाटत होतं. शब्द मागे घेतो. पर्वती मात्र खरी आहे.

---

टवाळ_तात्या | ७:०९

काका _/\_

---

मधली_सून | मंगळवार, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. काल सर्जनशी बोलणं झालं. ताईंनी सांगितलं तसंच एकेक विचारलं. भले माणूस आहेत, चिडले नाहीत. म्हणाले, वॉर्डच्या कागदावरून कार्ड उतरवताना इंजेक्शनची ओळ तशीच आली, ती घरासाठी नव्हतीच. इंजेक्शन लगेच बंद, अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळीही बंद. आज तासगावला रक्त तपासलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढतं तो आकडा) ऑपरेशनआधी ०.९ होतं, ते १.४ झालंय. बीपीची गोळी त्यांनी तात्पुरती थांबवली, बीपी रोज मोजून कळवायला सांगितलं. पॅरासिटामॉल ठरल्या वेळी, व्यायामाच्या आधी अर्धा तास एक वेगळी गोळी, दिवसातून चार वेळा बर्फ. पोटावरची सुई चालूच. शुक्रवारी पुन्हा रक्त.

पाण्याचा तांब्या मी भरून ठेवते आणि किती संपला ते नातू वहीत लिहितो. सासूबाई त्याला 'सावकार' म्हणायला लागल्यात.

---

भूलवाली_बाई | रात्री १०:१५

१.४ म्हणजे वेळेत कळलं. बहुतेक खाली येईल. व्यायामाआधीच्या गोळीने गरगरलं किंवा मळमळलं तर वॉकरवर एकटं उठू देऊ नका.

---

मधली_सून | शनिवार, सकाळी ८:५०

क्रिएटिनिन १.० !!! गुडघा ऐंशी अंश वाकला. जाऊबाईंनी ठाण्याहून हा धागा वाचला, पुणेरी_पाटी यांना 'बघून घेते' असा निरोप आहे.

आता एक वेगळाच पेच. इंजेक्शनच्या आठ अँप्युल उरल्यात. मेडिकलवाला परत घेत नाही. काल मामेसासरे आले होते, त्यांचा एक बैल लंगडतोय. म्हणाले, "टाकून कशाला द्यायच्या, आठ तीन चोवीस, बैलाचं भागतंय." मी ठाम नाही म्हटलं तर म्हणाले, "कुनी सांगितलं?" आता इंटरनेटवर गिधाडं वाचली असं कसं सांगू?

---

माळरान | ९:०४

देऊ नका हो! जनावरांच्या डॉक्टरकडून मेलॉक्सिकॅम घ्यायला सांगा. बैलाचंही भागतं, गिधाडाचंही.

---

मधली_सून | दुपारी १२:२०

सांगितलं. मामा म्हणाले, "तासगावात गिधाड बघून मला किती साल झाली, ठाऊक हाय का?" मी म्हटलं, "तेच तर." ते जरा वेळ गप्प बसले, मग जनावरांच्या डॉक्टरचा नंबर मागून घेतला. अँप्युल माझ्याच कपाटात आहेत, कुलूप लावून.